टाळ्या संपायच्या आत

मला टाळ्या वाजवायचं काम दिलं होतं. हसू नका. मी हसले होते, तर अध्यक्षांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं.

पक्षाचं वॉर्डाचं अधिवेशन होतं. त्यासाठी शाळेचा खेळाचा हॉल घेतला होता. सकाळी आम्ही स्वयंसेवक जमिनीवरच्या रंगीत पट्ट्यांवर उभे होतो आणि आमच्या शाखेचे अध्यक्ष हातातल्या पेनानं एकेकाला काम वाटत होते. कुणाला दार, कुणाला चहा, कुणाला पहिल्या रांगेतली पाहुणेमंडळी. आणि आम्हा चौघांना हॉलचे चार कोपरे.

"कोपऱ्यात उभं राहून काय करायचं?" मी विचारलं.

"टाळ्या. चार कोपऱ्यांतून सुरू झाल्या की मधले लोक आपोआप वाजवतात. उमेदवाराचं नाव वाचून झालं, मी हात वर केला, की सुरुवात करायची. आणि लांबवायच्या. मी हात खाली घेईपर्यंत तुमच्या कोपऱ्यानं थांबायचं नाही."

"हात दुखले तर?"

"पक्षासाठी थोडे दुखू द्या की ताई."

"पक्षासाठी कोण वाजवतंय! माझ्या दादासाठी वाजवते, मग मेले तुटले तरी चालतील."

सगळे हसले. अध्यक्ष नाही हसले. ते भिंतीवरच्या बास्केटबॉलच्या जाळीकडे बघायला लागले.

आता मी बसमध्ये कंडक्टर आहे. माझी निम्मी नोकरी लोकांची तोंडं बघण्यात गेली. ज्यानं तिकीट काढलेलं नसतं, तो माणूस मला बघितलं की खिडकीबाहेर असं लक्ष लावतो, जसं काही बाहेर त्याच्या बापाचं घर चाललंय. अध्यक्षांचं त्या जाळीकडे बघणं अगदी तसलं होतं. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली.

पण आधी दादाचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई उगाच ठणाणा करतेय.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. किल्ल्या बनवतो. रस्त्याच्या कडेला त्याची टपरी आहे. वॉर्डात एक दार असं नसेल, जे त्यानं कधी ना कधी उघडून दिलेलं नाही. पोरं आत अडकलीत, म्हातारी बाथरूममध्ये पडलीय, नवऱ्यानं रागावून बाहेरून कुलूप घातलंय, की बोलवा दादाला. आणि टपरी बंद झाली की पक्षाचं काम. पोस्टर चिकटवणं, खुर्च्या लावणं, खुर्च्या काढणं. जवानी गेली त्यात त्याची. वॉर्डाचे जुने नगरसेवक यंदा दमले, म्हणाले मला आता नको. जाता जाता चार लोकांत त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पुढचा हा." तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. आज त्याचं नाव जाहीर होणार म्हणून मी रजा टाकून आले होते. स्वयंसेवक वगैरे सोडा, मला पक्षाचा झेंडा उलटा धरला की सुलटा तेसुद्धा कळत नाही. मी दादासाठी आले होते.

मला मागचा डावा कोपरा मिळाला. स्टेजपासून सगळ्यांत लांब. मी म्हटलं, हे बरं! सख्खी बहीण मी, आणि मला भावाचं डोकंही दिसणार नाही. गेले अध्यक्षांकडे.

"मला पुढचा कोपरा द्या."

"पुढचे दिलेत, ताई."

"मग बदला. माझा आवाज मोठा आहे, हातही मोठे आहेत, पुढे उपयोगी पडतील."

अध्यक्षांनी आवाज बारीक केला. "तुम्हाला मागं ठेवा असं तुमच्या दादांनीच सांगितलंय."

घ्या! दादानं? लहानपणी शाळेच्या नाटकात तो झाड झाला होता, तेव्हासुद्धा मला पहिल्या रांगेत बसवलं होतं त्यानं. मला पटलं नाही. म्हटलं, दादाचं नाव पुढं करून हा माणूस मला बनवतोय. कुठंतरी पाणी मुरतंय खास.

मग माझं डोकं फिरलं ते थांबेना. जे दिसेल ते मी तपासायला लागले. स्टेजवर खुर्च्या किती, कुणाची उशी जाड, बॅनरवर मधली जागा कोरी का सोडलीय. चहावाल्यानं मला कप देताना नजर चुकवली, तर त्याचाही मला संशय आला. नंतर कळलं, त्याच्या डोळ्याला रांजणवाडी आली होती.

पण माइकचं मात्र खोटं नव्हतं. स्टेजवर एक पोरगेलासा माणूस माइक बसवत होता. दादा उंच आहे आमचा, दारातून वाकून यावं लागतं त्याला. आणि हा माइकचा दांडा पार खाली, माझ्या हनुवटीपर्यंत आणून पिळून घट्ट करत होता.

"अहो, इतका खाली काय? बोलणारा उंच आहे," मी खालून ओरडले.

"मला अध्यक्षांनी सांगितलंय ताई. बरोबर माणूस उभा करून माप घेतलंय."

"कुणाला उभं केलं?"

"ते दातांचे डॉक्टर नाहीत का, त्यांना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दातवाला! हा माणूस पक्षात येऊन वर्षही झालं नव्हतं. बुटका, गोरागोमटा, आणि दिसला की हसणार. स्वतःच्या दुकानाची जाहिरात तोंडातच घेऊन फिरतो मेला. दवाखान्यात त्यानं एक दिवस फुकट तपासणी ठेवली काय आणि अख्खा पक्ष त्याच्यापुढं आ वासून उभा राहिला. आणि आता बघितलं तर त्याची बायको पहिल्या रांगेत, मधोमध, मांडीवर कॅमेरा घेऊन बसलेली. उगाच कोण कॅमेरा आणतं? मला सांगा.

म्हणजे शेवटच्या क्षणी दादाचं नाव कापायचा डाव होता. दादाच्या तोंडाला पानं पुसायची, आणि मी, त्याची बहीण, मागच्या कोपऱ्यात उभी राहून त्यावर टाळ्या वाजवणार! मला इतका संताप आला की हातातला कप मी तसाच खिडकीत ठेवून दिला.

दादाला शोधत निघाले. तो दिसेना. दिसली ती वहिनी. जिन्याखाली, चहाच्या टेबलामागं, दातवाल्याशी बोलत उभी. तो नेहमीसारखा दात दाखवत होता आणि वहिनी मान डोलावत होती. मग त्यानं तिला हात जोडले. वहिनीनंही जोडले. कसले हात? कशाबद्दल जोडले?

तो गेल्यावर मी वहिनीला गाठलं.

"काय ठरलं वहिनी?"

ती दचकली. "कुठं काय?"

"त्या दातवाल्याशी काय गुलुगुलु चाललं होतं?"

"वन्सं, हळू बोला."

"का हळू बोलू? चोरी मी केलीय का? दादाच्या पाठीमागं तुम्ही..."

"मी काही करत नाहीये पाठीमागं." वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला त्या पाण्याचाही संशय आला, इतकी मी पेटले होते. "गेला महिनाभर तुमचा भाऊ धड जेवत नाही. पहाटे उठून गॅलरीत बसतो. मला काय विचारता? त्यालाच विचारा. मला बोलू नकोस म्हणून शपथ घातलीय त्यानं."

"कसली शपथ?"

"शपथ घातलीय म्हटल्यावर सांगू कशी?" असं म्हणून ती कप विसळायला वळली.

दादा मला स्टेजमागच्या खोलीत सापडला. शाळेचं खेळाचं सामान असतं तिथं. हवा गेलेले फुटबॉल, गाद्या, दोऱ्या. गाद्यांच्या ढिगावर तो बसला होता. वहिनीनं इस्त्री केलेला नवा शर्ट अंगावर होता आणि गळ्याशी बटण लावलेलं, जे तो कधी लावत नाही.

"ए शिट्टे," तो म्हणाला. लहानपणापासून मला शिट्टीच म्हणतो तो, माझ्या आवाजावरून. "तू कोपरा सोडून इकडं कशी?"

"दादा, तुझं नाव कापतायत."

तो गादीचा सुटलेला दोरा ओढत राहिला.

"ऐकतोयस का? माइक त्या दातवाल्याच्या मापानं बसवलाय. त्याची बायको कॅमेरा घेऊन बसलीय. अध्यक्ष माझ्याशी नजर मिळवत नाहीत. तुला मामा बनवतायत रे सगळे मिळून!"

"कुणी बनवत नाही मला."

"मग कोण उमेदवार? सांग. तूच ना?"

दादानं एक फुटबॉल उचलला आणि अंगठ्यानं दाबून बघितला. "नाव वाचलं की टाळ्या वाजव. बास. एवढं कर माझ्यासाठी."

"कुणाचं नाव?"

"वाजव गं. हट्ट करू नकोस."

"तुला धमकावलंय का त्यांनी? टपरी उचलू म्हणाले का? माझ्याकडं बघून सांग."

त्यानं बघितलं नाही. एवढ्यात बाहेर घंटा झाली, कुणीतरी पडदा सारून "चला चला" म्हणालं, आणि दादा उठला. दाराशी वाकून बाहेर पडला.

मला काय समजायचं ते समजलं. दादाला दाबलंय. भला माणूस आहे, पक्षानं विष दिलं तरी साखर समजून पिईल, आणि हे लोक ते ओळखून आहेत. मी माझ्या कोपऱ्यात परत आले. 

माझ्या कोपऱ्यातली मंडळी ओळखीची होती. शेवटच्या रांगेत कडेला टेलर बसला होता. त्याच्या दुकानाची किल्ली तुटली की दादाच लागतो त्याला. त्याच्या पुढच्या रांगेत शाळेतल्या शिपाईबाई आणि त्यांच्या मैत्रिणी. टेलरनं मला विचारलं, "काय ताई, आज मिरवणूक काढायची ना दादाची?"  मी नुसती मान हलवली.

कार्यक्रम सुरू झाला. स्वागत झालं, कोण कुठून आलं ते झालं. मग एक चष्मेवाल्या बाई नियम वाचायला उठल्या. कुणी ऐकत नव्हतं, लोक बिस्किटं मोडत होते. मी मात्र कान देऊन ऐकत होते, कारण आज मला शब्दन्‌शब्द संशयाचा वाटत होता. बाई वाचत होत्या, "उमेदवाराचं नाव सभेपुढं ठेवल्यावर सभासद टाळ्यांनी संमती देतील. कुणाची हरकत असल्यास टाळ्या संपायच्या आत त्यानं उभं राहून 'हरकत' असं म्हणावं. तसं झाल्यास हव्या त्या नावाच्या चिठ्ठ्या टाकून मतदान घेतलं जाईल. टाळ्या संपल्यावर हरकत घेता येणार नाही."

मी परत एकदा मनात म्हणून बघितलं. टाळ्या संपायच्या आत. अरे वा रे वा! म्हणजे टाळ्या चालू असताना ओरडायचं. आणि टाळ्या तर चारी कोपऱ्यांतून इतक्या जोरात वाजवायच्या, की ओरडणारा कुणाला ऐकूच जाऊ नये. म्हणून लांबवायच्या. म्हणून अध्यक्षांचा हात वर. आम्हा चौघांना त्यांनी संमतीसाठी उभं केलं नव्हतं, हरकत बुडवायला उभं केलं होतं. काय डोकं आहे बघा! माझ्या मनात आलं, या माणसानं बसमध्ये फुकट प्रवास करायचा ठरवला तर मलासुद्धा सापडायचा नाही.

पण त्याचा एक कोपरा चुकला होता. तो माझ्या हातात होता. चिठ्ठ्या झाल्या की दादा निवडून येणार, याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. या हॉलमध्ये बसलेल्या कुणाच्या दारात दादा उभा राहिला नव्हता? फक्त एक शब्द म्हणायचा होता, आणि तो आवाजाच्या धंद्यातली मी म्हणणार होते.

अध्यक्ष उठले. "आता आपले सगळ्यांचे लाडके, आपले जुने कार्यकर्ते, उमेदवाराचं नाव सभेपुढं ठेवतील."

आणि माइकपुढं आला कोण? दादा!

मला भोवळच यायची बाकी होती. म्हणजे त्याच्याच तोंडानं त्याचाच गळा कापून घेणार होते! माइक खाली असल्यामुळं दादाला कमरेतून वाकावं लागलं. तसाच वाकून तो म्हणाला, "आपल्या वॉर्डाचे उमेदवार म्हणून मी डॉक्टरांचं नाव सुचवतो." एवढंच. एक शब्द जास्त नाही.

हॉलमध्ये सगळीकडून एकदम श्वास ओढल्याचा आवाज आला. लोकांनी एकमेकांकडं बघितलं. टेलर तर अर्धा उठला आणि पुन्हा बसला. अध्यक्षांनी हात वर केला.

तीन कोपरे सुरू झाले. मी हात पाठीमागं बांधून उभी राहिले. माझ्या कोपऱ्यातले लोक माझ्याकडं बघत राहिले, आणि मी वाजवत नाही म्हटल्यावर तेही वाजवेनात. शिपाईबाईंनी तर हात पदरात घेतले. मधल्या रांगांत एकदोघांनी सुरू केलं, पण जोर नव्हता.

मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, "हरकत!"

भरल्या बसमध्ये मागच्या दारातून मी ओरडते ते ड्रायव्हरला ऐकू जातं. इथं काय! पुढच्या रांगेतल्या दातवाल्याच्या बायकोनं मान वळवून बघितलं, कॅमेरा हातात तसाच. मधल्या टाळ्या गळायला लागल्या. पुढच्या उजव्या कोपऱ्यातल्या स्वयंसेवकाचे हात मंदावले. अध्यक्षांनी कानामागं हात धरला, जणू ऐकू आलंच नाही, पण दुसरा हात त्यांनी खाली घेतला नव्हता. आणखी एकदा. बस, आणखी एकदाच ओरडायचं होतं. सगळा हॉल माझ्याकडं वळला होता आणि त्या तोंडांवर मला काय दिसलं सांगू? ते वाट बघत होते.

तेवढ्यात स्टेजवरून धडाधड आवाज सुरू झाला. कर्ण्यांतून, चारी बाजूंनी, कान फुटायची वेळ.

दादा टाळ्या वाजवत होता. माइकच्या अगदी तोंडाशी तळवे नेऊन, जिवाच्या आकांतानं टाळ्या वाजवत होता. आणि बघत होता माझ्याकडं. इतक्या लांबूनही मला कळत होतं, की तो मान हलवतोय. नको. नको.

माझं तोंड उघडलेलं होतं. आवाजही होता माझ्याकडं, त्या कर्ण्यांच्या वर काढण्याइतका होता, खोटं कशाला बोलू? पण दादानं आयुष्यात कधी माझ्यापुढं गयावया केली नव्हती. आई गेली तेव्हासुद्धा त्यानंच मला सांभाळलं होतं. आणि आता तो भर स्टेजवर, त्या बुटक्या माइकवर वाकून, मला विनवत होता. माझ्याच्यानं झालं नाही. मी तोंड मिटलं.

मधले लोक गोंधळले, मग वाजवायला लागले. दादाच वाजवतोय म्हटल्यावर न वाजवून करतात काय! अध्यक्षांनी आरामात हात खाली घेतला.

"टाळ्यांच्या गजरात संमत," ते म्हणाले.

पुढचं मी ऐकलं नाही. दातवाला बोलला, बरोबर उंचीवर बोलला, त्याच्या बायकोनं फोटो काढले. मग सगळे त्याला घेऊन बाहेर गेले, आणि हॉलमध्ये राहिल्या खुर्च्या. त्या कोण काढणार? दादा. शर्टाच्या बाह्या वर करून तो पहिल्या रांगेपासून सुरू झाला. मी शेवटच्या रांगेपासून. मला त्याच्याशी एक अक्षर बोलायचं नव्हतं, पण त्याला एकट्याला खुर्च्या काढताना बघवतही नव्हतं. काय करू?

टेलर माझ्यापाशी घुटमळला. "ताई, अजून एकदा ओरडला असता ना, मी उभा राहणार होतो. चिठ्ठ्या झाल्या असत्या तर दादाचंच नाव लिहिलं असतं मी."

"मग आधी का नाही उभे राहिलात?"

"मला वाटलं तुम्ही ओरडताय, तर..." तो ओशाळला आणि गेला.

मग शिपाईबाई आल्या. "आमच्या अख्ख्या रांगेनं दादालाच दिलं असतं. तुम्ही थांबलात का हो?" चष्म्याच्या दुकानाचा मालक जाता जाता म्हणाला, "चूक केली तुमच्या दादानं. माझं मत त्याला होतं." मी तिघांचीही तोंडं नीट न्याहाळून बघितली. कुणी इकडं तिकडं बघत नव्हतं. तिघंही खरं बोलत होते, आणि त्यानं माझा जीव आणखीच जळला.

दादा आणि मी मधल्या रांगेत समोरासमोर आलो.

"का केलंस?" मी म्हटलं. "कुणी दाबलं तुला?"

"कुणी नाही. मीच गेलो अध्यक्षांकडं. म्हटलं, डॉक्टरांचं नाव घ्या, मीच सुचवतो."

"वेड लागलंय का तुला?"

"लागायची पाळी आली होती." त्यानं खुर्ची मिटली. "तू ओरडलीस तेव्हा चिठ्ठ्या होणार होत्या. चिठ्ठ्या झाल्या की मोजतात, शिट्टे. आकडा येतो."

"मग येऊ दे की! जिंकला असतास!"

"तुला काय माहीत? मी रस्त्यानं जातो, लोक हात करतात, चहा पी म्हणतात. बरं वाटतं. पण गेला महिनाभर मी प्रत्येकाचं तोंड बघून एकच विचार करतोय. हा देईल का? हा नाही देणार. चहा पाजणारा तर नाहीच देणार, उगाच गोड बोलतोय. घरी जेवताना तुझ्या वहिनीकडं बघून मनात आलं, ही तरी देईल का? तेव्हा मी घाबरलो. म्हटलं, हे मोजून घेणं आपल्याला झेपायचं नाही. न मोजलेलंच बरं."

 दिवसभर मी जगावर संशय घेत फिरत होते आणि हा माझ्याहून पुढं निघाला. एका आईची लेकरं, दुसरं काय!

"टेलर आत्ता सांगून गेला," मी म्हणाले. "तो तुलाच मत देणार होता."

"आता म्हणायला काय जातं?"

त्यानं दोन खुर्च्या उचलून भिंतीशी नेल्या. परत आला. उगाच पुढच्या खुर्चीची कड पुसली.

"टेलर म्हणाला? स्वतः होऊन?"

"स्वतः होऊन. माझ्यापाशी येऊन."

"हं." त्यानं पुढची खुर्ची उचलली. "अजून कोण?"

"शिपाईबाई. त्यांच्या अख्ख्या रांगेनं दिलं असतं म्हणाल्या."

"अख्ख्या रांगेनं?" दादानं हातातली खुर्ची खाली ठेवली. "त्यांची धाकटी बहीणही होती त्या रांगेत. तीसुद्धा?"

"ती धरूनच म्हणाल्या असणार. आणि चष्म्याच्या दुकानवाला."

"तो?" दादा त्याच खुर्चीवर बसला. गळ्याचं बटण काढलं त्यानं. तोंड असं उजळलं होतं त्याचं, की महिनाभरात मी तसं बघितलं नव्हतं. लहान मुलासारखा पुढं वाकून त्यानं विचारलं, "अजून कोण?"

माझे तिघं संपले होते. एवढेच, असं म्हणायला हवं होतं. पण त्या तोंडाकडं बघून मला ते म्हणवेना.

"पेपरवाला," मी म्हणाले. "आपल्या गल्लीतला पेपर टाकणारा. तो म्हणाला, मी तर डोळे मिटून दादालाच दिलं असतं."

दादाचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं. मग गेलं.

"पेपरवाला आज आलाच नाही," तो म्हणाला. "तापानं पडलाय. सकाळी मीच त्याला औषध देऊन आलो."

"दादा, बाकीचे तिघं खरंच म्हणाले रे. तुझी शपथ."

"हो, म्हणाले असतील." तो उठला, बसला होता ती खुर्ची मिटली आणि ढिगावर नेऊन ठेवली.